तहानेची शिस्त

१० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझ्या परसामागच्या बंद खतगोदामाच्या आवारात तुझ्या कनिष्ठ बंधूने, म्हणजे प्रकल्पप्रमुख, लेखनिक आणि शिपाई या त्रिमूर्तीने, तीन वर्षांपूर्वी चाळीस पॉप्लर वृक्षांची सेना उभी केली. मातीत मुरलेले खत नायट्रेट होऊन तुझ्या विहिरीत उतरले आहे. वृक्षांनी पंधरा फूट खोल मुळे धाडून ते प्राशन करावे, हा आमचा उदात्त संकल्प. सेनापतीस कळवण्यास खेद होतो, की विहिरीचा आकडा ठाण मांडून बसला आहे : लिटरमागे ब्याण्णव मिलिग्रॅम. पंचेचाळीसच्या वर तान्ह्या बाळाला ते पाणी विषवत.

१५ जूनला समिती येईल. झाडे भूजल पितात याचा पुरावा नसल्यास ती तोडून विहीर बुजवण्याचा ठराव सिद्ध आहे. समितीचे साहेब म्हणाले, शोभाच हवी होती तर कुंड्या पुरल्या असत्या. मी सस्मित मान डोलावली.

तुझी लेक बाळंत झाली की बाळाला घेऊन जुलैत येणार ना? तेवढ्यासाठी तरी हे जमायला हवे.

लोभाची पातळी खालावू नये, ही प्रार्थना.
भाऊ

१७ एप्रिल

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

शास्त्रीबुवा, तुमचे पत्र समजायला मला दोन वेळा चष्मा पुसावा लागला. तुला मंगळवारी नातू झाला, आजोबा. लेकीला दूध पुरत नाही, म्हणून वरच्या दुधाची पावडर चालू आहे. इकडे टँकर दहा दिवसांतून एकदा येतो, म्हणून तिला म्हटले, इकडे आलीस की बाळाला विहिरीचे पाणी उकळून देऊ.

झाडांची मात्र तू काळजी करू नकोस. गेले दोन उन्हाळे दुपारी त्यांची पाने माना टाकतात, मला बघवत नाही. विहिरीवर पंप लावून रोज तासभर पाणी सोडते. तुला सांगितले नाही, कारण तू उगाच आभारप्रदर्शन केले असतेस.

माया आहे तशी असू दे.
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र उभ्यानेच वाचले आणि मग बसलो.

वर आयते मिळत असता कोणते मूळ पंधरा फूट खाली जाईल? आयत्या ताटावरून न हलणारा प्राणी आपल्या घरात एक होताच. झाडेही माझ्याच वळणावर गेली. शिवाय ते पाणी मातीतले खत धुऊन पुन्हा विहिरीत नेते. आजपासून एक थेंबही नको. पाने गळतील, काही झाडे मरतील. मुळे आठ आठवड्यांत उरलेले अंतर कापतील का, मला ठाऊक नाही.

पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाट होते. लेकीला आजच कळव.

झाडांमध्ये जमिनीत रोवलेली लोखंडी नळी आहे. तीत सकाळ-संध्याकाळ टेप सोडून पाण्याची खोली लिहीत जा. झाडे खालचे पाणी पिऊ लागली, तर दिवसा पातळी उतरेल, रात्रीतून चढेल. समितीला मी ‘अज्ञात सद्भावनेने सिंचन’ एवढेच सांगेन.

रागावलो नाही. घाबरलो आहे.
भाऊ

१६ जून

चि. भाऊस आशीर्वाद.

तू काल गाडी बिघडून वाटेत अडकलास, म्हणून सविस्तर लिहिते. अकरा झाडे गेली. सहा आठवडे सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा एकच. ३ जूनला संध्याकाळी पाणी बोटभर खाली दिसले. मी टेपच चुकली म्हणून पुन्हा सोडली. सकाळी ते परत वर. मग रोजच तसे.

साहेबांचा माझ्या वहीवर विश्वास बसेना. रात्री गावातच राहून आज ते स्वतः उजाडताच टेप घेऊन बसले, संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. चार बोटे उतरले. पाणी मीच घालत होते, हेही मी सांगितले. तुझी अज्ञात सद्भावना तिथेच संपली. त्यांनी एक वर्षाची मुदत लिहून दिली.

विहिरीचा आकडा अजून अठ्ठ्याऐंशी आहे. लेकीला फोन करून या वर्षी येऊ नकोस म्हटले. ती रडली, तू इतकी कठोर कधीपासून झालीस, असे म्हणाली. मी तिला सांगितले, की अकरा झाडे माझ्या मायेने गेली. त्या रांगेत मी नातवाला बसवणार नाही.

तुझ्या लोभाची नेहमीइतकीच गरज असलेली,
ताई