बिनकानाचे चेहरे

५ जानेवारी
ठरलं. पाट्या रंगवायचा धंदा फ्लेक्सनं खाल्ला, पण हात शाबूत आहे. आजपासून रोज एक अर्कचित्र. माणूस समोर बसवायचा, पाच मिनिटांत उतरवायचा. खाली तारीख टाकायची. आधी नाक, मग बाकीचं.

९ फेब्रुवारी
आठवं चित्र. रोज जमत नाही, थंडी आहे. शेजारच्या सुंदरम्माला बसवलं. म्हणाली, कान कुठायत? सांगितलं, अर्क ठेवायचा, चोथा टाकायचा. तिला चित्रातलं कळत नाही.

३० मार्च, सकाळी
लोक हल्ली बाजूनं चोरासारखे येतात. रस्ता मोकळा, अन् एकदम मोटारसायकल अंगावर. सून सोनाली तशीच. मधूनच उगवते. आज तिच्या हातातला चहा माझ्या धक्क्यानं सांडला. दोष तिचा. घरात काहीतरी शिजतंय. सावध राहायचं.

१४ मे
दाराची चौकट पुन्हा कपाळाला लागली. सोनाली म्हणते, डोळे दाखवा. मी सुईत दोरा ओवून दाखवला. दवाखान्यात गेलं की माणूस आजारी पडतो.

२ जुलै
मोठं काम. हेडमास्तर होते ते बापूसाहेब, त्यांची पंच्याहत्तरी. चौकातल्या फ्लेक्सवर माझं अर्कचित्र. आता सोलापूर बघेल.

६ जुलै
फ्लेक्स लागला. माणसं हसत होती, म्हणजे साधलं. मग एकेकजण फ्लेक्सवरून माझ्याकडं बघायला लागला. बापूसाहेबांचे कान सुपाएवढे, शाळेची पोरं त्यावरूनच चिडवायची. चित्रात कान नाहीत. गालही नाहीत. नाक, मिशी, दोन डोळे, बोळातून बघितल्यासारखे.
बापूसाहेब रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. जवळ येऊन हळू म्हणाले, "तात्याबा, माझ्या नाकाकडं बघ. आता कान दिसत्यात का?"
म्हणालो, ही माझी स्टाईल आहे.
घरी येऊन आरशात बघितलं. मलाही कान नव्हते.

९ जुलै
डोळ्यांचा दवाखाना. सोनालीनं सगळी चित्रं तारखेप्रमाणं टेबलावर मांडली. डॉक्टर वाकून बघत राहिले. वाटलं, माणूस शौकीन आहे. त्यांनी पहिल्याच चित्रावर बोट ठेवलं. म्हणाले, तेव्हाच यायला हवं होतं. काचबिंदू. दुखत नाही, कडेनं नजर खात येतो. गेली ती परत येत नाही. उरलेली थेंबांवर टिकली तर टिकली.
सोनाली रडत होती. कुठल्या बाजूला, ते कळलं नाही.
निघताना डॉक्टरांनी चित्रं मागितली. विद्यार्थ्यांना दाखवायला भिंतीवर लावणार. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मागून घेतली. खाली नाव घालू का, विचारलं.
म्हणाले, "नाव नको. वय तेवढं लिहा."