उलट्या शिवणीची लेगिंग

॥ श्री ॥
औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२८ एप्रिल २०२५

चि. राजनंदिनी हिस आवडाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. तू माझ्याकडं शाळेला होतीस तेव्हा तुझ्याच अंकलिपीवरून मी पन्नाशीत अक्षरं गिरवली, आन् तू फूटपट्टी घेऊन समोर बसायचीस. नोकरीला जाताना तूच कबूल केलं होतंस की महिन्याला एक पत्र. आता विद्यार्थीण लिहितीय आन् बाई गप!

फोनवर सगळं बरंय म्हणतेस, पण आवाज कसा, तर दूध सांडलेल्या मांजरीसारखा. परवा तुझा बाप कैऱ्या घेऊन आला होता. आपली पोरगी बैलांना इंजेक्शन देती, हे सोमनाथ आता गावभर सांगत हिंडतो. पण त्याच्याच खिशात दोन स्थळांच्या चिठ्ठ्याही आहेत. नंदीला झेपलं नाही तर जूनमधी उरकून टाकू, म्हणाला. मी कैऱ्या ठेवून घेतल्या, चिठ्ठ्या परत दिल्या.

अजून ती काळी लेगिंग घालतीस का? पहिल्यांदा ती घालून गुलमंडीवर आलीस तेव्हा पायाला डांबर फासलंय का म्हणून मी विचारलं, आन् तू चार दिवस अबोला धरलास. आता धरू नको. काय असेल ते खरं लिही. लोभ आटवायचा का वाढवायचा, हे तुझ्या टपालावर आहे.

तुझी
आत्या

* * *

जिंतूर
४ मे २०२५

ती. आत्यास राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. आता खरं लिहिते, पण हसायचं नाही.

पावसाळ्याआधीचं जनावरांचं लसीकरण सुरू झालंय. मी आणि माझ्याबरोबरची मोनिका, दोघी दोन स्कुट्यांवर गावं वाटून घेतो. लस बर्फाच्या डब्यात गारेगार आणि ती नेणारी भट्टीत! सलवार घातली तर तिचा घेर खुंट्याला अडकला, आणि मी अख्ख्या वाडीसमोर शेणात बसले. जीन्स तर तव्यासारखी तापते. म्हणून त्याच काळ्या लेगिंग्ज, शहागंजातून एकदम चार घेतलेल्या. नायलॉनच्या निघाल्या. अकरा वाजेपर्यंत दुसरी कातडी होतात. आत्या, तुलाच सांगते, मांड्या सोलवटल्यात. तिसऱ्या गावाला पोचेपर्यंत मी बदकासारखी चालते आणि बाया पदराआडून हसतात.

आमचे डॉक्टर साहेब माणूस चांगला, पण त्यांना कसं सांगू की पँटीपायी लस राहिली? डोकं दुखतंय म्हणून दोन दिवस रजा टाकली. परत गेले तर त्यांनी शांतपणे विचारलं की काम झेपत नाही का. घरी येऊन राजीनामा लिहिला. डायरीत आहे. एक जूनला देणार. मग बाबांच्या चिठ्ठ्या खिशातून बाहेर येतील, तेही कळतंय.

जनावरांचा काही दोष नाही गं. मागच्या महिन्यात एक वासरू आडवं आलं होतं, साहेबांनी मला हात घालायला लावला. मी ओढून काढलं. मालकानं त्याचं नाव नंदी ठेवलंय. माझं मन त्या गोठ्यात आहे, फक्त पाय तिथपर्यंत पोचत नाहीत.

बाबांना सांगू नकोस. लोभाला इथं सावली कमी आहे, तुझ्याकडचा थोडा धाड.

तुझी
नंदी

* * *

औरंगपुरा
९ मे २०२५

चि. नंदीस अ. उ. आ. वि. वि.

हसले नाय. खोटं कशाला, शेणात बसलीस तिथं हसले. पुढं वाचलं आन् चष्मा पुसला. आधी खोबरेल लाव, आन् त्या चारी काळ्या लेगिंग्जची फडकी कर, स्कुटी पुसायला.

पत्र आलं त्याच दिवशी पिशवी घेतली आन् गुलमंडी गाठली. दुकानातला पोरगा लई चकचकीत माल दाखवीत होता. मी त्याला सांगितलं, बाबा, तोंडापाशी धर आन् फुंक मार. फुंकर पार गेली तर कापड, नाय तर प्लास्टिक. चार दुकानांत फुंकून फुंकून मलाच घेरी आली. पाचव्यात सुती होजियरीचं कापड मिळालं, ताण बेताचा, अंगावर मऊ. रंग पिस्ता आन् बदामी घेतला, काळा ऊन पितो. तुझ्या जुन्या मापापेक्षा एक बोट सैल बेतून मशीनवर शिवली. लांबी घोट्याच्या वरच ठेवली, वाऱ्याला आत शिरायला दार नको का? वरून ढगळ सुती कुर्ता घाल, गुडघ्याखाली जाणारा, बाजूच्या चिरा चांगल्या उंच. आन् रोज धुतलेलीच घालायची. कालचा घाम आज अंगावर चढवला तर तो व्याजासकट वसूल करतो.

पार्सल एसटीनं धाडतेय. आन् तो राजीनामा आधी मला पाठव. अर्ज लिहायला तूच शिकवलंस, बघू तरी बाईंच्या किती चुका निघतात. तुझ्या बापाला सांगितलंय की पोरीनं कापड मागवलं. ते काय खोटं नाय.

लोभ एक बोट सैलच ठेवलाय, कुठं काचणार नाय.

आत्या

* * *

जिंतूर
१५ मे २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. पिस्ता लेगिंग घडीतून काढून भिंतीला टेकवली तर ती आपली आपण उभी राहिली! मोनिका आत आली आणि दाराआड कोण उभंय म्हणून किंचाळली. आत्या, तू लेगिंगला साबुदाण्याची खळ घातलीस? जगात कुणी घातली असेल का गं?

मला वाटलं नवं कापड असंच असतं. तशीच घालून निघाले. स्कुटीवर बसले तर पापड मोडल्याचा आवाज. दहा वाजता घाम सुटला आणि खळीची पेज झाली. एका गोठ्यात कालवडीला लस टोचत होते, तर मागून तिची आई माझी पोटरी चाटायला लागली. मालक म्हणाला की ताईंचा जनावरांना लळा फार. मी हो म्हटलं. काय सांगणार, लळा नाही, साबुदाणा आहे!

तीनदा धुतली, आता मऊ झालीय. खरं सांगते, वारा लागतो, चिकटत नाही, घामोळंही अर्धं बसलंय. मोनिकाला रंग फार आवडला. पण दोन मांड्यांच्या मधोमध चार शिवणी जिथं एकत्र येतात ना, ती गाठ अजून काचते. दोन गावं निभतात. तिसऱ्याला पुन्हा बदक.

मनापासून प्रयत्न केला, आत्या. राजीनामा सोबत जोडलाय. तपासून परत पाठव. एक तारीख लांब नाही.

लोभाला खळ घालू नकोस, तो आहे तसाच मऊ राहू दे.

नंदी

* * *

औरंगपुरा
२३ मे २०२५

चि. नंदीस अ. उ. आ. वि. वि.

खळीचं माफ कर. सुती कापड खळीबिगर घराबाहेर पडू दिलं नाय मी जन्मात. हात आपोआप पातेल्याकडं गेला. तुझं पत्र वाचून शेजारच्या चंपाबाईला सांगितलं तर ती हसता हसता पायरीवर बसली.

पण त्या गाठीनं माझं जेवण गोड लागू दिलं नाय. मशीनवर चाळीस वर्षं फॉल-पिको केलं, आन् एका पँटीपुढं हरायचं? सकाळी चंपाबाईच्या दोरीवर तिच्या तान्ह्या नातवाची झबली वाळत होती. बघितलं, आन् कपाळावर हात मारला. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला असती ना, लेकराला टोचू नये म्हणून! लहानासाठी सुचतं ते मोठ्याला कोण शिवून देत नाय, एवढंच.

तसंच कापड आणखी आणलं, ते पिशवीत घालून शहागंजातल्या मास्तरांकडं गेले. चुडीदार शिवण्यात त्यांची हयात गेली. कुणासाठी म्हणून विचारलं. स्कुटीवरून जाऊन बैलांना टोचणाऱ्या पोरीसाठी, म्हटलं. ते म्हणाले की आवडाबाई, मियानी टाका. मियानी म्हणजे दोन पायांच्या मधी लावायचा पतंगाच्या आकाराचा तुकडा. चार शिवणी एका जागी भेटतच नायत, मग भांडणार कशा? जुन्या चुडीदाराला असायचीच, बाजारच्या लेगिंगला कोण लावतो?

मियानीचा कागदी फर्मा कापायला मास्तरांना जाड कागद पायजे होता. वर्तमानपत्र पातळ पडलं. माझ्या पिशवीत जाड कागद एकच होता.

मास्तरांनी कात्री धरून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

तर बाई, तुमचा राजीनामा तपासून परत करत आहे. शुद्धलेखनाची चूक एकही नाय. चूक फक्त कारणात होती. तुम्ही प्रकृती लिहिली, कारण होतं शिवण. मधला पतंग सोबत आहे, कडेचं कात्रण मास्तरांच्या दुकानात झाडलं गेलं. द्यायचाच असेल तर एक जूनला हाच दे, मी अडवणार नाय. वाटेल ते कर, पण या दोन लेगिंग्ज घालून चार गावं फिरून मगच कर.

शिवण बाहेर ठेवलीय आन् तिच्यावर बारीक मोरपंखी पट्टी मारलीय. लोकांना नक्षी वाटंल. खळ घातलेली नाय, तुझ्या अंकलिपीची शपथ. उरलेल्या कापडाची गुडघ्यापर्यंतची एक माझ्यासाठी बेतली, सकाळी फिरताना लुगड्याखाली. लई थंड वाटतं. दोरीवर बघून चंपाबाईनं विचारलं तर म्हटलं उशीचा अभ्रा. हे सोमनाथला कळता कामा नये.

लोभ उलटा करून बघितला तरी आतून गुळगुळीतच सापडंल.

आत्या

* * *

जिंतूर
१३ जून २०२५

ती. आत्यास, आणि तुझ्या दोन पायांच्या अभ्र्यास, शि. सा. न. वि. वि.

चार नाही, पाच गावं झाली. पाचव्यात त्या नंदी वासराला लस दिली. त्यानं ओळख दाखवली नाही, ढुशी द्यायला डोकं पुढं केलं. मी उडी मारून बाजूला झाले. उडी, आत्या! बदकाला येते का उडी?

एक तारखेला साहेबांनी जूनच्या गावांची यादी समोर ठेवली. लांबच्या चार वाड्या कुणी घेईना, मी घेतल्या. नंतर धीर करून सांगून टाकलं की डोकं दुखत नव्हतं, कपडे काचत होते. ते थोडे ओशाळले. मग म्हणाले की पहिल्याच दिवशी सांगायचं, घोड्यालासुद्धा खोगीर काचलं तर आपण उपचार करतो. बाबांचाही फोन आला होता. या महिन्यात सवड नाही म्हणून सांगितलं. चिठ्ठ्यांचं त्यांनी काही काढलं नाही. तुझ्या अभ्र्याचं मीही नाही.

मोरपंखी पट्टी कुठल्या दुकानातली, म्हणून तालुक्याच्या मीटिंगमध्ये तिघींनी विचारलं. कापड मोनिकानं परभणीहून आणलं, फुंकर मारून. मियानीचं माप मात्र कुणालाच जमेना.

म्हणून राजीनामा अखेर दिला मी. साहेबांना नाही, मोनिकाला. तिनं त्यावरून आपली बेतली आणि पुढं दिला. सध्या तो जिंतूर तालुक्यात फिरतोय, आणि आतापर्यंत पाच जणींना बरोबर बसलाय.

लोभाचा फर्मा तुझ्याकडंच असू दे. आम्ही त्यावरूनच कापतो.

तुझी
नंदी