सात नंबरची खुंटी

दिनांक ३ मार्च

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरातलाच माणूस झालाय, त्याचं कुणी मनावर घेत नाही. भिंगरी अकरा वर्षांची झाली म्हणतेस! तिला मामाकडून एक पापा आणि एक धपाटा. आधी कुठलं घ्यायचं ते तिलाच ठरवू दे.

सुट्टीत तिला घेऊन तीन दिवस इथे तंबूत राहायला येते, असं लिहिलंयस. बोटीत बसायचं, टेकडी चढायची, असा सगळा बेत आखून. बोटींच्या धक्क्याच्या पायरीवर बसून मी ते दोनदा वाचलं. फार आनंद झाला असं लिहायला हवं. पण बारके, खरं सांगतो, इथे येण्यासारखं काही राहिलेलं नाही.

तंबूच्या जागांना ओल आहे. संडास एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. शनिवार-रविवारी तर इतकी गर्दी होते, की नदी बघायला आलेल्यांना एकमेकांच्या पाठीच दिसतात. परवा एक गृहस्थ तंबू घेऊन आले आणि त्याच्या खुंट्या घरी विसरले. मला म्हणतात, "काका, तुमच्याकडे जास्तीच्या असतील ना?" म्हटलं, "खुंट्या आहेत, पण डोकंही घरी राहिलं असेल तर ते नाही माझ्याकडे." त्यांची बायको हसली, गृहस्थ नाही हसले. नंतर मलाच वाईट वाटलं. हल्ली माझं तोंड असंच सुटतं.

टेकडीच्या वाटेवर दगडांवर पांढरे बाण काढलेत, पण अर्धे पुसून गेलेत. मागच्या महिन्यात एक जोडपं वाट चुकून तीन तास त्याच करवंदीच्या जाळीभोवती फिरत होतं. आणि बोटीचं म्हणशील तर यंदा पाणीच कमी आहे. बोटीत बसून चिखल काय बघायचा?

तू लिहिलंस की तुला नदीकाठी उभं राहून जावईबापूंना एकदाच विचारायचंय, घरी दोन वर्षांची पोर असताना बोटीत साधं जॅकेट घालायला काय झालं होतं तुम्हाला? आणि मग नऊ वर्षांचा राग तिथेच सोडून परत जायचंय. बारके, गेलेला माणूस काय उत्तर देणार? नदी काय बोलणार? राग सोडायचाच तर तो घरी बसूनही सोडता येतो.

त्यापेक्षा मीच येतो तुमच्याकडे, मे महिन्यात. तू येऊ नकोस.

तुझा दादा


दिनांक १९ मार्च

प्रिय बारके,

आशीर्वाद.

आमच्या कार्यालयातला कारकून काल हसत हसत धक्क्यावर आला. "बहीण येतेय आणि आम्हाला पत्ता नाही होय?" म्हणाला. तू परस्पर फोन करून अकरा नंबरची जागा राखूनसुद्धा ठेवलीस! लहानपणी मी शेंगदाण्याचा डबा कितीही वर ठेवला तरी तू काढायचीसच, त्याची आठवण झाली. पत्रात वर मलाच विचारतेस, "दादा, ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? मी येऊ नये असं वाटतंय तर सरळ सांग." सरळ सांगता आलं असतं तर काय हवं होतं.

आणि ते शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. "तू नसतास तर मी आणि भिंगरी कुठे गेलो असतो." असं पुन्हा लिहू नकोस. मला ते सहन होत नाही.

बरं, येणारच असाल तर जाड तळाचे बूट आणा, विजेरी आणा, एक जास्तीची चादर आणा. पहाटे काठावर फार गारठा असतो. अकरा नंबरची जागा चांगली आहे. जांभळाखाली आहे, सावली असते, आणि तिथून नदीचं वळण दिसत नाही.

भिंगरीने तुझ्या पत्राच्या खाली पेन्सिलीने लिहिलंय, "मामा, तू तिथे नक्की काय काम करतोस?" तिला वाचून दाखव.

भिंगरे, मामाकडे बारा बोटी आहेत. धक्क्याच्या खोलीत एक लांब फळा आहे, त्याला बारा खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर त्या त्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला आणि त्याच बोटीची जॅकेटं टांगलेली असतात. बोट बाहेर निघाली की बिल्ला आणि जॅकेटं माणसांबरोबर जातात. परत आली की परत खुंटीवर. म्हणजे खुंटी भरलेली असली की बोट आत, रिकामी असली की बोट बाहेर. आमच्या वरच्या अंगाला धरण आहे. तिथला गेटवाला पाणी सोडायच्या आधी धक्क्यावर फोन करतो. इथे जो कुणी असेल तो फळ्याकडे बघतो आणि सांगतो, "सगळ्या आल्या." मग तो पाणी सोडतो आणि नदी एकदम चढते. एवढंच माझं काम. इथली मुलं मला जॅकेटमामा म्हणतात, कारण जॅकेट घातल्याशिवाय मी कुणाला शेवटच्या पायरीवरसुद्धा उभं राहू देत नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या अधिकाऱ्याला मी बोटीतून खाली उतरवलं होतं. तो मला म्हातारा खडूस म्हणाला. म्हणू दे.

आता हात दुखतोय. पुढचं नंतर लिहितो.

तुझा दादा


दिनांक २ एप्रिल

बारके,

तुमच्या यायला आठ दिवस उरलेत. हे पत्र त्याआधी तुला मिळायला हवं, म्हणून आज टाकतोय. भिंगरी शाळेत गेली की वाच. तिच्यासमोर वाचू नकोस.

मागच्या पत्रात पोरीला फळ्याचं सगळं समजावून सांगितलं आणि ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला चैन पडत नाही. नऊ वर्षं हेच चाललंय, पण आता तू येणार, काठावर उभी राहणार, मी तुझ्या शेजारी उभा राहणार, आणि तू त्यांना विचारणार. तेव्हा मी काय करायचं? नदीकडे बघत बसायचं?

त्या दिवशी जावईबापू तुझा डबा घेऊन आले होते. आम्ही धक्क्यावर बसून खाल्लं. दोघांनी मिळून तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली आणि डबा पुसून काढला. मग ते म्हणाले, "दादा, इतक्या वेळा येतो, पण वळणापलीकडचं ते बेट काही बघितलं नाही. अर्धा तास बोट द्या की." बोटी पाचला बंद होतात. पाच वाजून गेले होते. दिवसभर लोकांना तो नियम ऐकवणारा मीच. पण घरचा जावई, नाही कसं म्हणायचं? आणि थोडी मिजासही होती माझी. हा धक्का माझा आहे, इथे माझं चालतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

सात नंबरची बोट दिली. तू ऐकलंस ते खोटं आहे. त्यांनी बोट न विचारता नेली नाही. मी माझ्या हाताने दोर सोडला.

साडेपाचला कार्यालयातल्या साहेबांची फेरी असायची. सातवी खुंटी रिकामी दिसली असती तर त्यांनी मला झापलं असतं, आणि जावईबापू परत येईपर्यंत थांबून त्यांच्यादेखत झापलं असतं. तेवढ्यासाठी मी बिल्ला खुंटीवरच ठेवला. बिल्ला ठेवला म्हणजे त्याच्या खालची जॅकेटंही ठेवावी लागली. नुसता बिल्ला असता तर साहेबांच्या लगेच लक्षात आलं असतं.

मग एकोणीस नंबरच्या जागेवरच्या लोकांनी झाडाखाली जाळ केला म्हणून ओरडा आला. मी तिकडे गेलो. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात पाऊण तास गेला. कशाबद्दल, तर शेकोटीबद्दल! तेवढ्यात साहेब धक्क्यावर आले, गेटवाल्याचा फोन आला. साहेबांनी फळ्याकडे बघितलं. बाराच्या बारा भरलेल्या. म्हणाले, "सगळ्या आल्या."

मी परत आलो तेव्हा तिसरी पायरी पाण्याखाली गेली होती.

मी धावलो, बारके. काठाकाठाने, काट्यांतून, वळणापर्यंत धावलो, हाका मारल्या. गुडघा तेव्हाचा आहे. तुला म्हटलं होतं की टेकडीवर घसरलो. बेटाच्या अर्ध्याहून जास्त भागावर पाणी होतं. बोट खालच्या बंधाऱ्यापाशी पालथी सापडली, आणि जावईबापू दुसऱ्या दिवशी दुपारी. ते तुला माहीत आहे.

चौकशीला बसलेल्यांनी विचारलं, बिल्ला खुंटीवर कसा? मी म्हणालो, बोट आत घेऊन मी बिल्ला लावला होता, मी तिकडे गेल्यावर त्यांनी स्वतःच सोडून नेली असणार. घरचा माणूस, त्याला दोर सोडता यायचा. सगळ्यांना पटलं. तुलाही पटलं. मेलेल्या माणसावर ढकललं की फार सोपं जातं, तो उलटून बोलत नाही. साहेबांनी मात्र ते "सगळ्या आल्या" मनाला लावून घेतलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा तो फोन उचलला नाही. त्यांनाही मी काही बोललो नाही.

मग तू जावईबापूंचा फोटो भिंतीवरून काढून ठेवलास. भिंगरीला सांगितलंस, तुझे बाबा बेफिकीर होते. मी तुझ्याकडे जेवायला बसलो होतो तेव्हा सांगितलंस. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. त्या दिवशी उठून ओरडायला हवं होतं. नाही ओरडलो. तू मला वाढत होतीस, माझी काळजी घेत होतीस, "दादा, अजून थोडं घे" म्हणत होतीस. मला ते गमवायचं नव्हतं. बाकी कुठलंही कारण दिलं तर ते खोटं होईल.

आज सकाळी हे सगळं कार्यालयात लेखी दिलंय. कारकुनाने वाचून पोच दिली. धक्का माझ्या हातून जाईल, आणखीही काय व्हायचं ते होईल. मला त्याचं काही वाटत नाही. काही वाटण्याचं वय आणि बळ दोन्ही संपलं. रोज संध्याकाळी बाराच्या बारा खुंट्या भरतात आणि मी सातवीकडे बघत उभा राहतो. आता दुसरं कुणीतरी बघेल.

एक राहिलं. तेच सगळ्यात आधी लिहायचं होतं, पण हात वळत नव्हता.

एक पाय बोटीत ठेवून ते मागे वळले होते. हात पुढे करून म्हणाले, "दादा, जॅकेट?" मी म्हणालो, "अर्ध्या तासाला कसलं जॅकेट, जावईबापू? बायकोला एवढं घाबरता होय?" ते हसले. म्हणाले, "बायकोला नाही हो, पोरीला. दार लावताना रडत होती." आणि हात मागे घेतला.

अकरा नंबरची जागा तुमच्या नावावर आहे. आलात तर मी तुमच्यासमोर येणार नाही. तुला समोर हवा असलो तर बोलाव, तू म्हणशील तिथे उभा राहीन. पण काठावर उभं राहून त्यांना काही विचारू नकोस. नऊ वर्षं तू चुकीच्या माणसावर रागावलीस.

फोटो परत भिंतीवर लाव. भिंगरीला सांग, तुझ्या बाबांनी जॅकेट मागितलं होतं.

मामाने दिलं नाही, हेही सांग.

दादा