मॅडमचा मिस्त्री

चिखलदरा,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

ममताताई,

जयभीम. आर्णीत तुम्ही दोघं बरे असाल असं धरून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे बाबांना वाचून दाखवताना तू अडखळणार नाहीस. मी पोस्टात आहे म्हणून पत्र फुकट आलं असं समजू नकोस. तिकीट मी बाहेर येऊन, रांगेत उभं राहून घेतलं. सोबतच्या मॅडम हसल्या, हसू देत.

बाबांना आधी हे सांग, की फ्लॅट घेत नाही. हंसाबाईंचं घर घेते. दोन खोल्या, वर पत्रे, मागे कॉफीची सात झाडं. फ्लॅटला चौकीदार होता, खिडकीतून दरी दिसायची. इथे साप निघेल का, धुक्याच्या दिवसांत मी एकटी कशी राहीन, ही धास्ती अजून गेलेली नाही. पण ठरलं.

बाबा मागच्या रविवारी एवढ्या लांब एसटीने आले म्हणूनच ठरलं. पिशवीत थापी होती आणि सपाटी तपासायची ती पाण्याची नळी. लहानपणी तिचं एक टोक तू धरायचीस आणि मी रडायचे, मलाही धरायचं म्हणून. या वेळी मी धरलं. फ्लॅटची फरशी माझ्या बाजूला दोन बोटं खाली बसलेली निघाली. माझ्या डोळ्यांना तर ती आरशासारखी वाटली होती.

बाबांना इथपर्यंतच वाचून दाखव. रेघेखालचं फक्त तुझ्यासाठी.

————

ताई, फोनवर सांगणार होते. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि बाबा शेजारीच बसलेले असतात.

फ्लॅट दाखवणारा माणूस नळी बघून म्हणाला, "मॅडम, मिस्त्री सोबत आणला का? बरं केलं." आणि मी म्हटलं, "हो."

एवढंच. खोटं नव्हतं, बाबा मिस्त्रीच आहेत. त्या एका "हो"ला मी आठवडाभर असंच समजावते आहे. पण ते माझे वडील आहेत, हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. बाबांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "मॅडम, तुमी हॉलमंदी थांबा, मी गॅलरी पाहून घेतो."

मॅडम म्हणाले, ताई.

गॅलरीत त्या माणसाने त्यांना हळूच सांगितलं, "पावसाळ्यात ही भिंत झिरपते. आता रंग मारला हाय. मॅडमले नका सांगू, तुमचं पाहून घेऊ." बाबा "बरं साहेब" म्हणाले. खाली रस्त्यावर आल्यावर हे सगळं सांगून मला म्हणाले, "पोरी, ते भिंत रडून राह्यली. घेऊ नको."

मी काहीतरी पुटपुटले. ते हसले. "बाप म्हनून गेलो असतो तर त्यानं खरं सांगतलं असतं का? कामच झालं आपलं." माझी चूक त्यांनी अशी उचलून युक्तीच्या खात्यात टाकली.

तिथेच संपलं असतं तर मी कदाचित तुला लिहिलंही नसतं. पण मग आम्ही हंसाबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "हे कोन?" तिथे कोणी काही गृहीत धरलं नव्हतं. मला पुरेसा वेळ होता. मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "मॅडमचा मिस्त्री हाय मी." आणि मी गप्प राहिले. पहिल्यांदा घाबरून "हो" म्हटलं होतं, या वेळी गप्प राहिले ते सोयीचं होतं म्हणून.

काल घर पक्कं करायला गेले तर हंसाबाई म्हणाल्या, "काहून वं, वडलाले नाही आनलं?"

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तू निघायच्या आंधी त्यानं तुयी चप्पल फिरवून सरळ ठेवली. मिस्त्री असं करते का कुठं? मले सांगतलं असतं तर चहात आद्रक तरी घातलं असतं." मग म्हणाल्या, "चावी तुह्या हातात देत नाही. त्याले घेऊन ये."

मी त्यांच्या पायरीवर बसून रडले. त्यांनी चहा केला, आद्रक घालून.

ताई, तू चौथीतून शाळा सोडलीस ती मला सांभाळायला. माझ्याच पुस्तकांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकलीस. तुम्ही दोघांनी मला जिथवर चढवलं, तिथे उभं राहून मी ओळख दाखवली नाही, आणि तरी बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. बाबांनी तुलाही सांगितलं नसणार, मला ठाऊक आहे. या उपकाराखाली मी सुखाने राहीन, पण लपून राहणार नाही.

म्हणून वरची रेघ मी खोडते आहे. हे सगळं बाबांना वाचून दाखव. मोठ्याने. अडखळलीस तर पुन्हा वाच.

बाबा, २० ऑक्टोबरला रविवार आहे. ताईला घेऊन या. नळी आणि थापी घरीच ठेवा. चप्पल माझ्या दारात काढा, ती मी सरळ करून ठेवीन.

भीमराज मिस्त्रींची धाकटी मुलगी,
सत्यशीला