आपल्याच टीमचा फाऊल

आबा, सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनी, झेंडावंदन आटोपल्यावर, माइक हातात घेतला आणि न आलेल्यांची नावं वाचून दाखवली. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या नर्सचं नाव दोनदा वाचलं आणि वर म्हणाले, "यांची देशभक्ती अजून झोपलेली दिसते." लोक हसले. ती पोरगी गारगोटीकडची. सरकारी दवाखान्यातली रात्रपाळी संपवून नुकतीच घरी येऊन पडली होती. मी पुढे गेले आणि माइक काढून घेतला. म्हटलं, "ती रात्रभर दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी जागत होती. काल रात्री तुम्ही देशासाठी काय केलंत, घोरण्याशिवाय?" ते म्हणाले, "मॅडम, देशाच्या विरोधात बोलू नका." मी म्हटलं, "तुमच्या विरोधात बोलतेय. तुम्ही म्हणजे देश झालात व्हय?" तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "कॉन्व्हेंटात शिकल्यात. त्यास्नी काय देश कळायचा."

कॉन्व्हेंटात तुम्हीच घातलंत मला. साधे पीटी मास्तर तुम्ही, पण पोरीला इंग्रजी आलंच पाहिजे हा तुमचा हट्ट. नववीत मी देशभक्तीवरचा निबंध पाठ करत स्वयंपाकघरात फेऱ्या मारतेय, आणि तुम्ही पाटावर बसून शेंगा फोडताय. "मराठीत सांग," म्हणालात. मी ऐटीत सांगितलं, देशभक्ती हा सर्वश्रेष्ठ सद्गुण आहे. तुम्ही एक शेंग तोंडात टाकलीत. "सद्गुण हाय म्हणतीस, तर मग त्याला लाज पायजे की." मी म्हटलं, शाळेतल्या सिस्टरनी असं काही सांगितलेलं नाही. "मग तुझ्या सिस्टरला इचार. परक्या टीमनं फाऊल केला तर राग येतो. आपल्या पोरानं केला तर लाज वाटती. ज्याची लाज वाटती ते आपलं. बाकी नुसतं वरडणं." मी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत निबंधात घातलं. सिस्टरनी शेजारी लाल शाईत विचारलं, हे कुणाचं? मी सांगितलं, वडिलांचं. त्यांनी ते खोडलं नाही, आणि त्या बाईंचा खोडण्यात हात कुणी धरत नसे.

तुम्ही हे नुसतं बोलला असतात तर मी केव्हाच विसरले असते. पण त्याच्या आदल्याच वर्षी मी तुम्हाला मैदानावर पाहिलं होतं. ठरलेला पंच आला नाही म्हणून दोन्ही संघांनी शिट्टी तुमच्या हातात दिली, मास्तर आहेत, खोटं करणार नाहीत म्हणून. फुटबॉलचा सामना, आपल्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या संघाचा. शेवटच्या मिनिटांत आपल्याच पोराच्या हाताला चेंडू लागला, गोलपोस्टच्या अगदी पुढ्यात. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसेल. तुम्ही शिट्टी वाजवलीत. पेनल्टी, गोल, आपण हरलो. बाहेर पडताना लोकांनी वाट अडवली. "मास्तर, कुणाचं खाताय?" तुम्ही म्हणालात, "पेठेचंच खातोय. म्हणून तर वाजवली." त्यानंतर कित्येक दिवस कोपऱ्यावरच्या हॉटेलात तुमच्यासमोर कुणी चहा ठेवला नाही. आई म्हणाली, आता जाऊ नका मॅचला. पण पुढच्या सामन्याला तुम्ही गॅलरीत पहिल्या रांगेत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कवायत घ्यायला घशात आवाज नाही. खुणा करून पोरांना वळवत होतात. ते आठवलं की मला अजून हसू येतं.

देशावर प्रेम करावं की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. झेंडा वर जातो, फुलं पडतात, आणि माझे डोळे भरतात. या वयातही, दरवर्षी. यंदा अडचण अशी झाली की शेजारी उभ्या सेक्रेटरींचेही भरले होते. ढोंग नव्हतं ते. मला ढोंगी माणूस परवडला असता. या माणसाचं प्रेम खरं आहे, त्याला फक्त आपल्या बाजूचा फाऊल दिसत नाही, आणि दुसऱ्यांची हजेरी घेण्यातच त्याची भक्ती सरते. अशा माणसाशी कसं भांडायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत.

आता कमिटीला माझ्याकडून लेखी माफी हवी आहे. मी साफ नाही म्हटलं. तर काल संध्याकाळी ती नर्सच वर आली, दारातच उभी राहिली. "मावशी, तुमी बोलला ते बरंच वाटलं मला. पण मागून टाका की माफी. घरमालकाला फोन गेलाय त्यांचा. खोली सोडाय लागली तर एकटीला कोण देतंय दुसरी?" मी तिला आत बोलावून चहा दिला. तुम्ही पेठेची माफी मागितली नाहीत ते शोभलं, आबा. तुमच्या शिट्टीनं फार तर तुमचा चहा गेला. माझ्या शिट्टीनं दुसरीचं घर जायची वेळ आली आहे.

तेव्हा मला सांगा, सही करू की नको. रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे. त्याआधी उत्तर हवं, आणि लेखी हवं. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही हे मला कळतं, तरीही लेखीच हवं. तोंडी तर तुम्ही गेल्यापासून मला रोज उत्तर देता, आणि ते दर वेळी माझ्याच मनासारखं असतं.