हिरव्या झाकणाची बाटली

२ जानेवारी
संकल्प: या वर्षी कोणाचाही हेवा करायचा नाही. विशेषतः स्वस्ताईचा. (हे नाव मीच ठेवलंय. खासगीत.) एके काळची माझी विद्यार्थिनी, आता शेजारच्या लॅबमध्ये. अडगळीत गेलेली जुनी औषधं उकरून काढते आणि म्हणते, ही दुसऱ्या आजारावरही चालतील, आणि स्वस्तात. संशोधन म्हणजे काय माळा आवरणं आहे? मी अर्धं आयुष्य एका नव्या औषधामागे घालवलं.

३ जानेवारी
मीटिंगमध्ये बॉसनी तिचं कौतुक केलं. पाच वेळा. मी मोजत नव्हतो.

१० जानेवारी
ठरलं. गुडघेदुखीवर माझं नवं औषध विरुद्ध तिची चहाच्या पैशात येणारी गोळी. डबल ब्लाइंड ट्रायल. गोळ्या दिसायला सारख्या. अर्ध्या बाटल्यांना हिरवं झाकण, अर्ध्यांना पिवळं. कशात काय आहे ते फक्त निकालाचा हिशेब करणाऱ्या आकडेवाल्याला ठाऊक. पेशंटना नाही, आम्हालाही नाही. जिंकेल त्याला पुढची मोठी ट्रायल आणि कोपऱ्यातली खिडकीवाली खोली. माझ्या खोलीतून जनरेटर दिसतो.
गुडघे तपासून मार्क देणार तिघं. त्यात माझं नाव तिनेच सुचवलं. सरांइतकं काटेकोर कोण आहे, म्हणाली. यात काहीतरी डाव आहे. कोणता ते कळत नाही.

४ फेब्रुवारी
पेशंट यायला लागले. कुठली बाटली कोणाची हे ओळखायचा प्रयत्न करायचा नाही, असा नियम आहे. मी करणार नाही. आता नजरच तयार असली तर त्याला मी काय करणार.

९ फेब्रुवारी
ओळखलं. माझ्या औषधाने उंदरांना तहान लागायची. आज एका आजोबांनी हिरव्या झाकणाची बाटली टेबलावर ठेवली आणि आधी पाणी मागितलं. हिरवं म्हणजे मी.
ता.क. कॉरिडॉरमधला वॉटर कूलर बंद पडलाय. तक्रार करायला हवी.

१६ फेब्रुवारी
हिरव्यांचे गुडघे बघत राहावेत असे. एक आजी जिना चढून आल्या. दहापैकी नऊ दिले. पिवळ्या झाकणाचे ड्रायव्हरकाकाही जिना चढून आले, पण चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. चार. हा पक्षपात नव्हे. अनुभव बोलतो.
पिवळ्यांतल्या दोघांनी पाणी मागितलं. उगाच. एकाचं बघून दुसरा.

२ मार्च
पेपरमध्ये स्वस्ताईचा फोटो. म्हणे सामान्यांच्या खिशाची काळजी घेणारी डॉक्टर. माझ्या खिशाची काळजी कोणी घेतली? छातीत जळजळ. ॲसिडिटी असणार. घरी आलो तर बायको तेच कात्रण फ्रिजवर लावत होती. किती साधी आहे हो, म्हणाली. जेवण गेलं नाही.

२० मार्च
सगळे जेवायला गेल्यावर खिडकीवाल्या खोलीत जाऊन पडद्यांचं माप घेतलं. स्टुलावर चढताना गुडघ्यात कळ आली. बायकोला निळे पडदे हवेत. मी म्हटलं, हिरवेच.

५ एप्रिल
झाकणांचा कोड उघडला. हिरवं जिंकलं.
हिरवं तिचं.
आधी वाटलं, उठून सांगावं की हिरव्यांना मी हात सैल सोडून मार्क दिलेत, निकाल रद्द करा. मग लक्षात आलं की हे सांगण्यात माझा तितकासा फायदा नाही. तेवढ्यात ती उभी राहिली आणि सर्वांसमोर माझे आभार मानले. सरांनी स्वतःच्या औषधाचीही भीड ठेवली नाही, म्हणाली. टाळ्या झाल्या. बॉसनी चष्मा काढून पुसला. मी हात जोडले. दुसरं करणार काय?

६ एप्रिल
नीट विचार केला. तिला जिंकवलं कोणी? मी. माझे नऊ-नऊ मार्क नसते तर कुठली खिडकी आणि कुठलं काय. तिला हे कधी कळणार नाही, पण मला माहीत आहे. मोठ्या मनाच्या माणसाला तेवढं पुरतं. बरं वाटतंय. गुडघ्यातली कळही गेली. बायकोने कसली तरी गोळी दिली होती. कसली ते विचारलं नाही.
पडदे शिवून आले होते. बायको ते परस्पर स्वस्ताईला देऊन आली. माप अगदी बरोबर बसलं म्हणे.

८ एप्रिल
आकडेवाला कँटीनमध्ये भेटला. सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझ्या मार्कांमुळे निकाल जरा फिरला असेल, नाही? तो म्हणाला, छे हो. ती शंका राहू नये म्हणून एकेका तपासणाऱ्याला वगळून हिशेब पुन्हा करायची पद्धतच आहे. बाकीच्या दोघांना वगळलं की आकडे थोडे इकडेतिकडे होतात.
सर, तुम्हालाही वगळून पाहिलं, म्हणाला. काहीच फरक पडत नाही.