बोलोतच्या गाढवासाठी प्रार्थना

अहो,

ताईला बरं नाही, म्हणून सकाळच्याच गाडीने तोकमाकला निघालेय. रविवारच्या पावांचं पीठ चुलीपाशी फुगत ठेवलंय. मोठ्या गोळ्यावर छोटा नीट दाबून बसवा, नाहीतर भट्टीत घसरतो.

आणि प्रार्थना म्हणत नाही म्हणून लीझला कालसारखं ताटावरून उठवू नका. पोरगी उपाशी झोपली. एवढीशी होती तेव्हा हीच लीझ वासरासाठी, कोंबड्यांसाठी, शेजारच्या बोलोतच्या लंगड्या गाढवासाठीसुद्धा प्रार्थना करत बसायची. सूप गार व्हायचं, आणि तुम्ही हात जोडून, डोळे मिटून गदगदा हसायचात. तिचेही डोळे मिटलेले, तिला वाटायचं, देवच हसतोय.

आज प्रार्थना तुम्हीच म्हणा. गाढवाला विसरू नका.

आगाथा